खुर्ची छाप डब्याची मालकीण

लग्न होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. घरातली कुठली फळी करकरते आणि कुठली नाही, हेच अजून शिकत होते. स्वयंपाकघर आणि मागची भट्टीची खोली यांच्यात भिंत अशी नव्हतीच, नुसत्या फळ्या ठोकल्या होत्या. तेव्हा मी कान लावून ऐकलं असं कुणी म्हणू नये. फळीला टेकून भांडी घासत होते, आणि कान काही काढून ठेवता येत नाहीत.

पलीकडे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि थोरल्या जाऊबाई यांचं जुंपलं होतं.

"कृती कागदावर उतरवायची नाही," मामंजी म्हणत होते. "डोक्यात आहे तोवर आपली. कागदावर गेली की गावाची."

"आणि डोकंच गेलं तर?"

माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. सासऱ्यांना असं तोंडावर कुणी विचारतं, हे मला नवीन होतं.

"म्हणून तर दोघा पोरांना अर्धी अर्धी सांगितलीय," मामंजी म्हणाले. "थोरल्याला वजनं, धाकट्याला भट्टी. एक फुटला तरी दुसऱ्यावाचून त्याचं काही चालायचं नाही."

"गेल्या महिन्यात दोघे रेडिओवरून भांडले आणि चार दिवस बोलत नव्हते. चार दिवस भट्टी बंद. आपल्याला चोराची गरजच काय, मामंजी?"

"सूनबाई, सून म्हणजे परक्या घरची. उद्या माहेरी गप्पांच्या भरात बोलून बसलीस म्हणजे?"

"तुमची लेकही आता परक्याच्या घरी नांदतेय. तिला लहानपणापासून भट्टीतलं बरंच ठाऊक आहे. बोलली का ती कुठे? मग भय माझ्याच तोंडाचं का? सहा वर्षं मी त्या भट्टीपाशी उभी आहे. केसांचा वास जात नाही, नखांतली राळ निघत नाही. धंद्याचा वास तेवढा माझा, आणि धंदा तुमचा?"

मग बराच वेळ कढईत उलथनं खरवडल्याचा आवाज येत राहिला. शेवटी मामंजींचा आवाज आला. पार उतरलेला.

"कागदावर नाही म्हणजे नाही. बस खाली. राळ किती घ्यायची ते सांगतो."

आमच्या घरात सुनेला धंदा मिळाला तो असा. मी साक्षीदार आहे, फळीच्या अलीकडची.

आमचा धंदा लाकडाच्या पॉलिशचा. चपटा गोल डबा, आत मऊ पिवळट पॉलिश. फडक्यावर बोटभर घ्यायचं, खुर्चीवर चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. खुर्ची अशी दिसते की बसणारा आधी आपले कपडे झाडतो. त्यात राळ असते, मधमाश्यांचं मेण असतं आणि टर्पेंटाइन असतं. हे काही गुपित नाही, डबा उघडून नाक जवळ नेलं की कुणालाही कळतं. चौथी वस्तू आहे, ती मी सांगणार नाही. चारजण वाचतील म्हणून लिहून घेतेय खरी, पण एवढी काही वेडी नाही.

डब्याच्या झाकणावर खुर्चीचं चित्र. चकचकीत फरशीवर खुर्ची उभी, आणि खाली फरशीत तिचं उलटं प्रतिबिंब. ते जाऊबाईंनी काढलं होतं, मी त्या घरात यायच्या आधी. सुतार लोक दुकानात जाऊन 'खुर्चीवालं द्या' एवढंच म्हणत. निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण खुर्ची ओळखू येत होती.

दोन वर्षांनी मामंजींना झटका आला. डोकं शाबूत राहिलं, बोलणं गेलं. उजवा हातही गेला. थोरले भावजी आणि आमचे हे, दोघे भाऊ एकमेकांकडे बघत बसले, कारण अर्ध्यातलाही थोडा भाग मामंजींनी 'पुढच्या वर्षी सांगतो' म्हणून मागे ठेवला होता. बापाचा स्वभाव. सगळी कृती अखंड होती ती एकट्या जाऊबाईंपाशी.

त्यांनी मला बोलावलं आणि तांदळाच्या डब्यातून एक वही काढली. मी एकेक अक्षर लावत वाचलं: 'नणंद आधी घ्यावी, मंद विस्तवावर नरम होईपर्यंत ढवळावी. मग सासऱ्यांना हळूहळू सोडावे. त्यांना वेळ लागतो, घाई करू नये. जावई आला की विस्तव विझवावा.'

"जाऊबाई, हे काय हो?"

"राळ चिकटते, ती नणंद. मेण विरघळायला वेळ घेतं, ते सासरे. आणि टर्पेंटाइनजवळ ठिणगी गेली की भडका, म्हणून जावई. कागद चोरीला गेला तर चोर म्हणेल, या बाईचं घरात बरं चाललेलं दिसत नाही."

"मामंजींनी लिहायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"चल, त्यांनाच विचारू."

आणि खरंच पलंगाशी बसून त्यांनी सगळं वाचून दाखवलं. सासऱ्यांना हळूहळू सोडावे, इथे आल्यावर मामंजींचा हलणारा अर्धा ओठ हलायला लागला, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते आवाजाशिवाय हसले. डाव्या हाताने त्यांनी वहीवर थोपटलं. जाऊबाईंना पावती मिळाली.

तेव्हापासून भट्टी जाऊबाईंची. भावजी बाहेर माल खपवायचे, आमचे हे विस्तव बघायचे, मी डबे भरायची आणि झाकणांवर चित्रं चिकटवायची. जाऊबाई वजनं करायच्या आणि राखण करायच्या. गल्लीत त्यांना कुलूपबाई म्हणत. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणू देत. किल्लीबाई म्हणाले असते तर काळजी होती."

राखणीच्या त्यांच्या तऱ्हा ऐकण्यासारख्या. दर महिन्याला त्या दारात उभ्या राहून आमच्या ह्यांना ओरडून सांगायच्या, "अहो भावजी, रंगवाल्याकडून खडूची भुकटी आणा अर्धं पोतं! लवकर! माल अडलाय!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. खडूचा आमच्या पॉलिशशी काही म्हणजे काही संबंध नव्हता. ती भुकटी पाण्यात कालवून मागच्या अंगणाची भिंत रंगवायची. आमच्या भिंतीइतकी पांढरी भिंत त्या भागात इस्पितळालाही नसेल.

दुसरी तऱ्हा पार्सलाची. वर्षाच्या पहिल्या मालातला एक डबा त्या कापडात गुंडाळायच्या, कापड शिवायच्या, टाक्यांवर लाख ओतायच्या आणि रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या. कुणाला? स्वतःला. वर नाव त्यांचं, खाली नाव त्यांचं. कुठल्याशा रद्दीच्या कागदात त्यांनी वाचलं होतं की पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कुणाला पुसता येत नाही.

पोस्टमन पार्सल घेऊन आला की सायकल टेकवतानाच सुरू व्हायचा. "बाई, स्वतःशी अबोला धरलाय का? घरातल्या घरात द्यायचं की!"

"मला दुसरं कोण भेट पाठवतंय? सही कुठे करू?"

पार्सल न उघडता पलंगाखाली जाई. केरसुणी आत घालताना मला दर वर्षी एक पार्सल जास्त हलवावं लागे. मी कुरकुरले की म्हणायच्या, "धाकटे, आपल्या घरात एवढीच वस्तू अशी आहे जी जागा खाते पण बोलत नाही."

आमचा निम्मा माल एक मोठा व्यापारी उचलायचा. बोलायला इतका गोड की जाऊबाई त्याला मधाचं बोट म्हणत. चहाला बसला की नजर फळ्यांच्या फटीतून भट्टीकडे.

"वहिनी, काय जादू आहे हो तुमच्या हाताला! घालता तरी काय यात?"

"हात घालते."

"नाही, पण खरंच."

"खरंच. दोन्ही घालते. चहा घ्या, निवतोय."

चौदा-पंधरा वर्षं तो असा फटीतून बघत राहिला. मग एके वर्षी त्याने स्वतःचं पॉलिश काढलं. भावजींचा चेहरा पडला. जाऊबाईंनी एक डबा विकत आणवला, बोटावर घेतला, वास घेतला आणि मला म्हणाल्या, "खडू."

बिचाऱ्याने रंगवाल्याकडून खबर काढली होती. पलीकडच्या शाळेने ते पॉलिश घेतलं आणि सगळ्या खुर्च्यांना लावलं. वाळल्यावर प्रत्येक सांध्यात, प्रत्येक नक्षीत पांढऱ्या रेघा उमटल्या. मास्तर लोक खुर्चीवरून उठले की पाठी अशा दिसायच्या, जणू पोरांनी फळ्याऐवजी मास्तरांवरच गणितं सोडवली. मुख्याध्यापक स्वतः आमच्या दारात आले आणि म्हणाले, खुर्चीवालं द्या.

आमच्या ह्यांना हसता हसता ठसका लागला. जाऊबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कृती चोरता येत नाही हे आता त्याला कळलं. आता तो दुसरं काहीतरी चोरेल."

आणि तसंच झालं. दीड वर्षाने वकिलाचं लांब पाकीट आलं. व्यापाऱ्याने खुर्चीचं चित्र सरकारी कचेरीत आपल्या नावावर नोंदवलं होतं. तीस दिवसांत ते चित्र वापरणं बंद करा, छापलेली चित्रं आमच्या हवाली करा, नाहीतर कोर्टाची पायरी चढा, असं त्यात होतं. आपलीच खुर्ची, आणि बसायला परवानगी त्याची.

त्या दिवशी भट्टी पेटली नाही. भावजी डोकं धरून बसले. आमचे हे म्हणाले, "नाव बदलू. टेबल छाप करू. माल तर आपलाच आहे."

"सुतार टेबल मागायला येणार आहेत का?" जाऊबाई म्हणाल्या. "खुर्ची त्याची झाली की त्यात तो चिखल भरून विकेल, आणि शिव्या आपल्याला बसतील. आणि उद्या टेबलही नेईल. मग स्टूल, मग बाक. शेवटी आपण काय, कपबशी छाप पॉलिश विकायचं?"

आम्ही दोघी जावा एका वकीलबाईंकडे गेलो. जिन्याखालची एवढीशी खोली, बाईंना सर्दी झालेली. त्यांनी नाक पुसत पुसत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "नोंदणी त्यांची आधी झालीय. पण चित्र तुम्ही आधीपासून वापरताय हे दाखवता आलं तर ती रद्द होऊ शकते. पुरावा काय आहे?"

"पलंगाखाली आहे," जाऊबाई म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी आम्ही दोन पिशव्या भरून पार्सलं नेली, एकूण बावीस. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, लग्नाचा आहेर दिसतोय. जाऊबाई म्हणाल्या, "कुणाचं तरी वाजणार आहे आज."

कोर्ट म्हणून मी भ्यायले होते, पण ती साधी कचेरी निघाली. फायलींची कपाटं, एक कुरकुरणारा पंखा आणि टेबलामागे साहेब. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. पलीकडे मधाचं बोट आपल्या वकिलासोबत.

त्याचं म्हणणं ऐकून माझे कान तापले. म्हणे चित्र त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं, आम्ही फक्त त्याचा माल तयार करून देणारे, आणि त्यानेच आम्हाला ते चित्र वापरायला दिलं होतं. उपकार म्हणून!

वकीलबाईंनी सगळ्यात जुनं पार्सल पुढे केलं. साहेबांनी पोस्टाचा शिक्का भिंगाने पाहिला, लाख पाहिली, टाके पाहिले आणि कात्री मागवली. बावीस वर्षांनी तो डबा बाहेर आला. झाकण थोडं गंजलेलं, पण खुर्ची जागेवर. उघडल्यावर खोलीभर आमच्या घराचा वास पसरला. मला उगाच भरून आलं.

त्याचा वकील घाईने उठला. "साहेब, तारीख आम्ही कुठे नाकारतोय? त्या वेळीही चित्र आमच्या अशिलांचंच होतं. यांनी वापरलं एवढंच यातून दिसतं."

बावीस वर्षांची पार्सलं, आणि हा एका वाक्यात ती पलंगाखाली परत ढकलतोय.

साहेबांनी जुना डबा जवळ घेतला, कपाळावरचा चष्माही डोळ्यांवर ओढला. मग व्यापाऱ्याने नोंदवलेला कागद घेतला. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग डब्यावर तळहात ठेवून कागद पालथा घातला.

"हे चित्र तुम्ही स्वतः काढलंत?"

"या हाताने, साहेब."

"खालचं प्रतिबिंबही?"

"अर्थात! तीच तर माझी कल्पना. पॉलिश इतकं चकचकीत की फरशीत खुर्ची दिसावी."

"त्या प्रतिबिंबातल्या खुर्चीला पाय किती?"

व्यापारी हसला. "साहेब, खुर्चीला चार, तर प्रतिबिंबालाही चारच असणार."

साहेब जाऊबाईंकडे वळले. "बाई?"

"तीन," जाऊबाई म्हणाल्या.

"तीन का?"

"चौथा काढायला घेतला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. दूध आवरून, चूल पुसून येते तो सासरे कागद घेऊन ठसा कोरणाऱ्याकडे निघून गेले होते. ठसा झाल्यावर मी त्यांना दाखवलं, तर म्हणाले, वरची खुर्ची उभी आहे ना? मग खालचीचं कोण बघतंय. दुसऱ्या ठशाचे पैसे मी देणार नाही."

साहेबांनी हात उचलला. आम्ही सगळे पुढे वाकलो. खालच्या खुर्चीला तीन पाय. मग कागद उताणा केला. तिथेही तीनच. चोराने आमची चूकसुद्धा जशीच्या तशी नेली होती आणि एवढ्या वर्षांत एकदाही नीट पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर मीही पाहिली नव्हती. हजारो झाकणं माझ्या हाताखालून गेली. मी कोपराने जाऊबाईंना ढोसलं. "मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू चिकटवत होतीस ना सरळ? मग झालं."

साहेबांनी लगेच काही निकाल दिला नाही. चार महिन्यांनी पोस्टमन लांब पाकीट घेऊन आला आणि सायकलवरूनच म्हणाला, "बाई, हे तुम्ही पाठवलेलं दिसत नाही!" नोंदणी रद्द झाली होती. जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि भावजींना म्हणाल्या, "चित्रं किती उरलीत? छपाईला सांगून या."

मग आमच्या नावाने नोंदणी करायची ठरली. वकीलबाईंनी अर्ज पुढे केला. त्यात 'मालक' म्हणून एक रकाना होता. दोघे भाऊ खिशातली पेनं काढून तयार. जाऊबाईंनी आपलं नाव लिहिलं, शेजारी बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "धाकटे, इथे तुझं."

"माझं? अहो, मला सही करायला अर्धा तास लागतो."

"कचेरी पाचपर्यंत उघडी आहे. लिही सावकाश."

आमचे हे म्हणाले, "वहिनी, आणि आम्ही?"

"तुम्ही विस्तव बघा, भावजी. छान बघता."

माझं अक्षर त्या रकान्याबाहेर गेलं. पण आयुष्यात माझं नाव मालक म्हणून कुठे लिहिलं गेलं असेल तर ते त्या कागदावर. आजही लोकांना सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, आणि या वयात माझी मान दुसऱ्या कशाने ताठ होत नाही.

पुढे घरात सुना आल्या, जावई आले. जाऊबाईंचा एकच नियम: जो भट्टीपाशी सहा महिने उभा राहील त्याला कृती. लेक, सून, जावई, कुणीही. एक जावई चार महिन्यांत खोकून पळाला, त्याला अजून राळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. दोघी सुना टिकल्या, आणि आज सगळं त्याच सांभाळतात. कधीतरी मोठ्या कंपनीचे सूटबूटवाले येतात, कृती विकत मागतात. सुना त्यांना चहा देतात.

चित्राची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. ते काम जाऊबाईंनी कधी कुणाला दिलं नाही. जाऊबाई गेल्या त्याच्या दोन महिने आधी तिसऱ्यांदा मुदत आली. वय शहाऐंशी, गुडघे बोलत होते. सून म्हणाली, "अहो आई, आता सगळं फोनवरून होतं. बसल्या जागी करून देते."

"फोन शिक्का मारतो का?"

"तसं नाही, पण..."

"मग मी बसने जाते. धाकटे, चपला घाल."

आम्ही गेलो. कचेरी आता काचेची झाली होती, पंखे जाऊन गारेगार यंत्रं आलेली. आमचा नंबर सदतीस होता. जाऊबाई खुर्चीवर बसण्याआधी तिच्या हातावर बोट फिरवून म्हणाल्या, "प्लास्टिक," आणि मग बसल्या. नंबर आल्यावर खिडकीपाशी उभं राहून त्यांनी कागद एकेक करून सरकवले. आतली मुलगी म्हणाली, "आजी, हे घरबसल्या झालं असतं हो."

"घरी बसून गुडघे धरतात. तारीख नीट घाल बाळ, मागच्या वेळी आठाचा आकडा तिनासारखा दिसत होता."

शिक्का मारून पावती बाहेर आली. जाऊबाईंनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. मागे रांगेतल्या माणसाने सुस्कारा टाकला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दोन्ही नावं, तारीख, चित्र, सगळं पाहून झाल्यावर पावतीची घडी घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"आता दहा वर्षांनी, आजी," मुलगी म्हणाली.

"सकाळी गर्दी कमी असते ना?"

"साडेदहाच्या आत नसतेच."

"मग साडेदहाच्या आत येते," जाऊबाई म्हणाल्या, आणि मागच्या माणसासाठी खिडकीपासून बाजूला झाल्या.